स्प्रे पेंटिंगमध्ये रंगाआधी ओल ओळखायला शीक

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका मुलाने विचारलंय: "ताई, व्हिडिओ बघून स्प्रे पेंटिंग सुरू केलंय. हार्डवेअरच्या दुकानातून काळा, पांढरा, निळा, लाल, पिवळा असे डबे आणले, माउंट बोर्ड आणला. ग्रह, डोंगर करून बघतोय. रंग ओघळतो. ओल्या रंगावर चुरगळलेला कागद दाबून उचलला की टेक्स्चर यायच्या ऐवजी काळपट चिखल होतो. ग्रहावर ठेवलेल्या झाकणाखालून रंग आत शिरतो आणि ग्रहाची कड खराब होते. एक चित्र बरं जमलं होतं, त्यावर दुसऱ्या दिवशी क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारला तर सगळा रंग सुरकुतला. गच्चीवर बसून करतो. डबे हलक्या प्रतीचे आहेत का माझा हातच बसत नाही? आणि पुढं गल्लीतल्या भिंतीवर काढायचं असेल तर काय करावं लागेल?"

डबे हलके असतील असं मला वाटत नाही, आणि हाताचाही फारसा दोष नाही. तुझ्या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. तू रंग कोणता मारायचा ते बघतोस, तो आत्ता किती ओला आहे ते बघत नाहीस. या कलेत सगळं ओलीवर चालतं. कागद कधी टेकवायचा, ग्रह झाकायची वाटी कधी ठेवायची, कधी उचलायची, पुढचा हात कधी मारायचा, क्लिअर कधी, या प्रत्येकाचं उत्तर "रंग आत्ता कुठपर्यंत वाळलाय" यात आहे. व्हिडिओत नेमकं हेच दिसत नाही, कारण कापाकापी करून मधली थांबण्याची वेळ काढून टाकलेली असते. शिवाय तो माणूस त्याच्या गावच्या हवेत काम करतोय आणि तू पंचगंगेच्या काठावर.

हा डबा मुळात चित्रकारासाठी निघालेला नाही. १९४९ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एडवर्ड सीमोर नावाच्या रंगाच्या धंद्यातल्या माणसाने आपला ॲल्युमिनियमचा रंग गिऱ्हाइकांना मारून दाखवता यावा म्हणून तो तयार केला. कल्पना त्याच्या बायकोची, बॉनीची. म्हणजे धातूवर सारखा बसावा आणि पटकन वाळावा, हा त्या रंगाचा धर्म. पुढं १९८० च्या दशकात मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर डबे, मासिकाची पानं आणि झाकणं एवढ्या सामानावर ग्रह-ताऱ्यांची चित्रं काढायची पद्धत वाढली. गिऱ्हाईक समोर उभं, चित्र काही मिनिटांत त्याच्या हातात द्यायचं, म्हणून रंग वाळायच्या आतच त्यावर काम करायची रीत बसली. तू जे शिकतोयस ते हेच आहे. वाळायच्या घाईत असलेला रंग आणि त्या घाईत मिळणारी मोजकी सेकंदं.

आधी ज्यावर चित्र काढतोस तो कागद बदल. माउंट बोर्ड मॅट असतो, शोषून घेतो. रंगातलं थिनर तो पितो, थर लगेच बसतो, आणि तू कागद दाबतोस तेव्हा उचलायला काही उरलेलंच नसतं. उठत नाही म्हणून तू आणखी रंग मारतोस, मग तो जादा होऊन ओघळतो. दोन तक्रारी इथंच आल्या. छपाईचं ग्लॉसी आर्ट कार्ड घे, ३०० जीएसएमच्या आसपासचं, म्हणजे चांगलं जाड. त्याच्या गुळगुळीत लेपामुळं रंग वर तरंगत राहतो आणि तुला वेळ मिळतो. कोल्हापुरात छापखान्यांना तोटा नाही. पत्रिका आणि कॅलेंडरं छापणाऱ्यांकडे कापून उरलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात, सरावाला त्या मागून आण. थर्माकोलवर मात्र हे डबे कधीच मारू नकोस, थिनर थर्माकोल खातं. गणपतीच्या आरासीत पूर्वी दरवर्षी कुणाचं तरी मखर असं वितळायचं.

आता ओल ओळखायची कशी ते. चित्राशेजारी त्याच कागदाची एक पट्टी ठेवायची आणि चित्रावर जो हात मारशील तोच त्याच दमात पट्टीवरही मारायचा. हातमोजा घातलेल्या करंगळीचं टोक पट्टीवर टेकव. रंग पातळ लागून बोटाला माखला, तर अजून थांब. बोट उचलताना किंचित ओढ लागली, सुटताना बारीक आवाज आला आणि खाली ठसा खडबडीत राहिला, तर वेळ आली. बोटाला काहीच लागलं नाही, नुसती चकाकी मोडली, तर वेळ गेली. त्यावर पुन्हा पातळ हात मारल्याशिवाय काही उठणार नाही. ही चाचणी करताना कागद उजेडाकडे तिरका धरून बघायची सवय लाव. आरशासारखी चकाकी किंचित मंदावते तो क्षण काही दिवसांनी नुसत्या डोळ्याला कळायला लागतो आणि मग पट्टीची गरज कमी होते. किती सेकंद थांबायचं हे मी सांगणार नाही. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर जो वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट जास्त जुलैत लागतो, काळा आणि पांढरासुद्धा एकाच वेगाने वाळत नाहीत.

दुसरी गोष्ट डोक्यात पक्की बसव. इथं उजेड खाली असतो आणि अंधार वर. जे उजळ दिसायला हवं ते आधी मारायचं, त्यावर गडद, आणि मग गडद रंग उचलून, खरवडून, झाकून खालचा उजेड बाहेर काढायचा. नवशिके निम्मं चित्र झाल्यावर "इथं जरा उजळ हवं होतं" म्हणून वरून पांढरा मारतात आणि सगळं दुधाळ करून ठेवतात. पहिला डबा हलवायच्या आधीच प्रकाश कुठून येतोय ते ठरलेलं असलं पाहिजे. पेन्सिलने कागदाच्या मागे एक बाण काढून ठेव.

ग्रह जरा सविस्तर सांगते, कारण त्यात बाकीचं बरंचसं येऊन जातं. समजा पाच-सहा इंचाचा ग्रह आहे. ज्याने झाकणार ती वाटी आधी ठेवून जागा बघ. रंग त्या वर्तुळाच्या बाहेर दोन बोटं जाईल इतका मारायचा, म्हणजे वाटी थोडी सरकली तरी कोरा कागद उघडा पडत नाही. आधी पांढऱ्याचा पातळ हात. पिवळा आणि लाल हे रंग झाकायच्या कामाला कमजोर असतात, खाली पांढरा नसेल तर ते उठून दिसत नाहीत. पांढरा ओला असतानाच उजेडाच्या बाजूने पिवळा, त्याला लागून लाल, झटकन. कडा आपोआप एकमेकांत जातात, त्यासाठी वेगळं काही करायचं नाही. तू पाच डबे आणलेस म्हणून पाचही रंग एका ग्रहात घालत असणार. लाल, पिवळा, निळा ओले असताना दाबले गेले की तपकिरीच होणार, तुझा अर्धा चिखल तिथला आहे. काळा-पांढरा सोडून एका ग्रहात फार तर दोनच रंग ठेव, आणि दोन असतील तर एकमेकांच्या शेजारचे. लालबरोबर पिवळा, नाहीतर नुसता निळा. बाकीचे डबे पुढच्या चित्राला.

त्यावर काळा. हा पातळ आणि जरा लांबून, खालचा रंग ठिपक्या-ठिपक्यांतून दिसत राहील इतकाच. इथं सगळ्यांचा हात सुटतो. काळ्याने पूर्ण झाकलं की खालचा रंग आणि काळा मिळून एक जाड थर होतो, तो कागदाबरोबर अख्खा उठतो किंवा अख्खा फासला जातो. तुझा उरलेला चिखल हा. मग पट्टीवर बोट, आणि वेळ आली की कागद. वर्तमानपत्र नको, ते रंग पितं आणि तंतू सोडतं. दिवाळी अंकातली जाहिरातीची गुळगुळीत पानं यासाठी सगळ्यांत चांगली. पान मुठीत चुरगळायचं, उघडायचं, पुन्हा चुरगळायचं, म्हणजे घड्या बारीक पडतात. ते ग्रहावर अलगद पसरून तळहाताने नुसतं थोपटायचं, घासायचं नाही. मग एका कोपऱ्याला धरून वर उचलायचं. जिथं काळा उठला तिथं खालचा लाल-पिवळा उघडा पडतो, जिथं राहिला तिथं दऱ्या-खड्डे दिसतात. आवडलं नाही म्हणून तेच पान पुन्हा टेकवायचं नाही. पानाला लागलेला रंग परत ग्रहावर बसतो आणि सगळं एकसारखं मळकट होतं. आणखी हवंच असेल तर कोरं पान, आणि नुसत्या एका कडेवर.

टेक्स्चर झाल्यावर लगेच वाटी ठेवू नकोस. बोटाला रंग लागायचा थांबला पाहिजे, नाहीतर वाटीच्या कडेचा गोल ओल्या रंगात रुततो. पुठ्ठ्याची चकती कापून ठेवतात काही जण. ती सबंध टेक्स्चरवर टेकते आणि उचलताना ते घेऊनच येते. टेकली पाहिजे फक्त कड. स्टीलची वाटी घेणार असशील तर ती काचेवर पालथी घालून मागून मोबाईलचा उजेड धर. कडेखालून उजेड दिसला तर तिथूनच रंग शिरणार. त्याहून चांगला उपाय आपल्या गावातच आहे. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कुणालाही टाकाऊ पाइपाचा दोन इंच उंचीचा तुकडा दोन्ही बाजूंनी फेसिंग करून, म्हणजे कड सपाट कापून, मागितलास तर सहज मिळेल. कड एका पातळीत, वजन अंगचंच, वरून एक पुठ्ठा टाकला की झालं. दोन-तीन मापांच्या अशा रिंगा आयुष्यभर पुरतात. वाटीच वापरलीस तर तिच्यावर एखादा जड नट ठेव, कारण फवाऱ्याच्या जोराने हलकं झाकण थरथरतं आणि तेवढ्यात कड जाते.

पण कड खराब व्हायचं आणखी एक कारण आहे, आणि बहुतेक वेळा खरं कारण तेच असतं. तू बाहेरून वाटीच्या दिशेने तिरका फवारा मारतोस. तो फवारा कडेला धडकून खाली घुसतो. डबा वाटीच्या वर धरून फवारा आतून बाहेर जाऊ दे, आणि कडेजवळ पहिला हात अगदी भुरभुरता मार. तो बसला की तोच पुढच्या हाताला अडवतो. मग पार्श्वभूमीचा निळा, काळा काय असेल तो. त्यानंतर चांदण्या, आणि चांदण्या झाल्यावरच झाकण उचलायचं. उलट केलंस तर ग्रहावरही चांदण्या पडतात. झाकण उचलायची वेळ पार्श्वभूमी पूर्ण वाळायच्या आधीची. पूर्ण वाळली की रंगाचा पापुद्रा कडेला चिकटून फाटतो. कटरचं पातं एका बाजूने कडेखाली घालून सरळ वर, सरकवायचं नाही. आणि दर वेळी कड थिनरच्या फडक्याने पुसून ठेवायची. आधीच्या रंगाची कड साचली की ती पुन्हा सपाट टेकत नाही.

चांदण्यांसाठी डब्याच्या झाकणात थोडा पांढरा फवारून घे आणि जुना टूथब्रश त्यात बुडवून अंगठ्याने केस ओढ. पहिला शिंतोडा नेहमी रद्दीवर, त्यात मोठे थेंब निघून जातात. चांदण्या सगळीकडे सारख्या पेरल्या की आकाश खोटं वाटतं. एका तिरक्या पट्ट्यात दाट, बाकी विरळ ठेव. रात्री पन्हाळ्याच्या वाटेवर गाडी थांबवून शहराच्या उजेडापासून लांब आकाश बघ एकदा, पट्टा म्हणजे काय ते कळेल.

ग्रहाची सावली शेवटी. प्रकाशाच्या विरुद्ध कडेला काळा द्यायचा, पण गोल कापलेला एक पुठ्ठा कागदाला न टेकवता बोटभर वर धरून. टेकवला तर सावलीला धार येते, वर धरला तर ती विरत जाते. जेवढा वर, तेवढी कड मऊ. ही एक गोष्ट नीट जमली की सपाट वर्तुळाचा गोळा होतो. छटा विरत नेणं म्हणजे काय हे डोळ्यांनी बघायचं असेल तर राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, तिथली त्यांची पावडर शेडिंगची चित्रं बघून ये. सिनेमातला नट म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण रेघ न काढता नुसत्या कमी-जास्त पावडरीने त्यांनी उजेड-सावली कशी धरलीय ते स्प्रेवाल्याने मुद्दाम बघावं असं आहे. आपल्या कामातही रेघ नसते, भुकटीसारखा बसणारा रंगच असतो.

आता डब्याबद्दल. आतली गोळी वाजायला लागल्यापासून पुढं निदान एक मिनिट हलवायचं, आणि काम चालू असताना मधूनमधून पुन्हा. रंगद्रव्य तळाशी बसलेलं असतं. न हलवता मारलास तर आधी नुसतं पातळ थिनर येतं, ते ओघळतं, आणि डबा संपत येईपर्यंत उरलेला घट्ट रंग नोझल तुंबवतो. अंतर २० ते २५ सेंटीमीटर. त्याहून जवळ गेलास की ओघळ, फार लांब गेलास की रंग हवेतच वाळून कागदावर खरखरीत धूळ बसते. फवारा कागदाच्या बाहेर सुरू करायचा, कागदावरून न थांबता न्यायचा आणि पलीकडे बाहेर सोडायचा. बटण दाबताना आणि सोडताना थुंकी उडते, ती चित्रावर पडू द्यायची नाही. मनगट वळवू नकोस, अख्खा हात सरकव. आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात, मधे थोडं थांबून. ओघळ बंद करायला एवढं पुरतं.

कागद जमिनीवर आडवा असतो म्हणून मुलं डबा पूर्ण खाली तोंड करून धरतात. आतली नळी मग रंगाच्या वर येते, नुसता वायू निघून जातो आणि शेवटी डब्यात रंग उरतो पण जोर उरत नाही. डबा तिरका धर, किंवा कागद एखाद्या फळीवर ठेवून फळी थोडी उचल. नळीचं टोक एका बाजूला वळलेलं असतं. काही डब्यांच्या वरच्या कडेला त्याची खूण म्हणून एक ठिपका असतो. नोझल फिरवून त्याचं भोक ठिपक्याकडे केलंस तर पुढं वाकून मारताना नळी रंगातच राहते आणि डबा शेवटच्या थेंबापर्यंत चालतो.

सलग मारत राहिलं की डबा हाताला गार लागतो आणि फवारा मंदावून ठिपके पडायला लागतात. वायू बाहेर पडताना डबा थंड होतो आणि आतला दाब उतरतो. नवीन माणूस बटण आणखी जोरात दाबतो. त्याने काही होत नाही. डबा बाजूला ठेवून पाच मिनिटं दुसरा घ्यायचा. काळा आणि पांढरा सगळ्यांत जास्त जातात, तेव्हा ते दोन-दोन आणले की हा प्रश्नही सुटतो. थंडीच्या सकाळी फार तर कोमट पाण्यात डबा थोडा वेळ ठेवावा. उकळतं पाणी, गॅस, चूल, यांच्या जवळपासही नाही. ५० अंशांच्या वर डबा जाता कामा नये असं त्याच्यावरच छापलेलं असतं. मे महिन्यात गच्चीच्या पत्र्यावर, नाहीतर बंद गाडीत डबे ठेवलेस तर तिथंच तो आकडा गाठला जातो.

काम झालं की डबा उलटा करून रंग थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद फवारायचा, नोझल साफ राहतं. तरी तुंबलंच तर ते काढून थिनरमध्ये टाक. डब्याच्या तोंडात सुई घालायची नाही, आतला व्हॉल्व्ह कायमचा गळायला लागतो.

आता आपली हवा. पावसाळ्यात या कामाचा सगळा हिशेब बदलतो. लॅकर म्हणजे नुसतं थिनर उडून वाळणारा रंग. त्यातलं थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतं, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळा रंग वाळल्यावर राखाडी-पांढुरका दिसतो. गॅरेजवाले त्याला ब्लश आला म्हणतात. मुलांना वाटतं डबा नासका. जून ते सप्टेंबर मी नवशिक्यांना काळ्या पार्श्वभूमीची मोठी चित्रं करू देत नाही. करायचंच असेल तर पाऊस उघडलेल्या दुपारी, पातळ हात, मधे भरपूर वेळ. आलेला ब्लश कोरड्या दिवशी लॅकर क्लिअरचा अगदी हलका फवारा दिला की बऱ्याचदा जातो, कारण त्यातलं थिनर वरचा थर पुन्हा सैल करून अडकलेली ओल सोडून देतं. उन्हाळ्यात उलट. रंग कागदावर पोचायच्या आत वाळतो, म्हणून सकाळी लवकर बसावं आणि सामान सावलीत ठेवावं. शिकायला सगळ्यांत चांगले दिवस दिवाळीनंतरचे, दव वाळल्यापासून दुपारी चारपर्यंत. गच्चीवर वारा असतो, त्याला तिन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचं खोकं उभं कर. पण बंद खोलीत जाऊ नकोस.

क्लिअर मारल्यावर रंग सुरकुतला त्याचं कारण सांगते. डब्यावर बघ, तुझ्या रंगांपैकी एखादा तरी इनॅमल असणार आणि क्लिअर लॅकर. इनॅमल हा सावकाश घट्ट होणारा रंग, तो वरून वाळला तरी आतून बरेच दिवस कच्चा असतो. लॅकरचं जहाल थिनर त्या कच्च्या थरात शिरतं, तो फुगतो आणि उचलला जातो. एका चित्रात एकाच जातीचे डबे वापर, शक्यतो एकाच कंपनीचे. इनॅमलच्या डब्यावर दुसरा हात एका तासाच्या आत किंवा मग एक-दोन दिवसांनी, असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते अक्षरशः पाळायचं, मधली वेळच घातक. तुझा हात जाड होता म्हणून दुसऱ्या दिवशीही आत ओल होती. क्लिअरचा पहिला हात नुसता शिंपडल्यासारखा दे, तो वाळू दे, मग पुढचा. सोनेरी-चंदेरी भागावर मात्र क्लिअर मारायच्या आधी तुकड्यावर बघ, त्याने चमक हमखास उतरते.

मास्कबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण त्याशिवाय मी पुढं जाणार नाही. रुमाल किंवा कापडी मास्क रंगाचे थेंब थोडेफार अडवतो, थिनरची वाफ अजिबात अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या काडतुसाचा, ऑर्गॅनिक व्हेपर असं लिहिलेला रेस्पिरेटर लागतो, त्यावर धुळीचा फिल्टर. गाड्या रंगवणाऱ्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतो. मास्क घालूनही रंगाचा वास आला तर काडतूस संपलं किंवा मास्क नीट बसलेला नाही. काम झाल्यावर तो हवाबंद डब्यात ठेव, उघडा टाकलास तर नुसताच भरत जातो. एका वेळी सगळं परवडत नसेल तर दोन डबे कमी आण आणि मास्क आधी आण. डब्यातला वायू बहुधा प्रोपेन-ब्युटेन, म्हणजे घरच्या सिलिंडरच्याच जातीचा, नाहीतर डायमिथाइल ईथर असतो. दोन्ही हवेपेक्षा जड, खाली साचून राहणारे आणि पेट घेणारे. गच्चीच्या जिन्यात देवाचा दिवा असेल, कुणी बिडी ओढत बसलं असेल, शेजारी पाणी तापवायचा बंब पेटला असेल तर थांब. व्हिडिओत काही जण चित्र पटकन वाळवायला त्यावर लायटर धरतात, तो प्रकार कधीही करायचा नाही. घरात दम्याचा त्रास असलेलं, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर वारा त्यांच्या खिडक्यांकडून तुझ्याकडे येईल अशा बाजूला बस. रिकामे डबे भोसकायचे नाहीत, होळीत तर मुळीच टाकायचे नाहीत.

सराव कशाचा करायचा? महिनाभर फक्त काळा आणि पांढरा. छापखान्याच्या पट्ट्यांवर पांढऱ्यातून काळ्यात जाणारी छटा, पट्टीवर एकही ओघळ किंवा ठिपका न येता. मग त्याच दोन रंगांत गोळे. त्यानंतर डोंगर, आणि ते इजिप्तचे पिरॅमिड नकोत. जोतिबाच्या वाटेवरून पश्चिमेला बघ, सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक. जाड कागद हाताने फाडला की जी वेडीवाकडी कड मिळते ती डोंगरमाथ्याला कुठल्याही कापलेल्या स्टेन्सिलपेक्षा खरी दिसते. सगळ्यांत लांबची रांग आधी, पांढऱ्यात निळ्याचा नुसता वास. फाडलेला कागद दोन बोटं खाली सरकवून पुढची थोडी गडद, असं करत सर्वांत जवळची काळपट. प्रत्येक रांगेच्या पायथ्याशी पांढऱ्याचा एक हलका श्वास सोडलास की धुकं बसतं. रांगा संपल्या की जुन्या एटीएम कार्डाने खालून वर ओरखडे ओढून गवत.

रंकाळा तलाव करायचा झाला तर आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं आधी बघ. शाहू महाराजांच्या पदरी असलेला हा चित्रकार रंकाळा आणि कोटीतीर्थाच्या काठी बसून रंगवत असे, त्यांची काही कामं टाउन हॉलच्या संग्रहालयात आहेत. पाण्यावरचा उजेड किती थोड्या जागेत असतो हे तिथं दिसतं. नवशिका अख्खं पाणी चमकवतो. रंकाळ्यातल्या संध्यामठाचं प्रतिबिंब करताना पाण्यावर ओल्या रंगात कार्ड आडवं एकदाच फिरव, पुन्हा नाही.

भिंतीचं काम वेगळं. तिथं कागदाची उचलाउचल चालत नाही, कारण गिलावा रंग शोषतो. तिथं स्टेन्सिल, फाडलेला पुठ्ठा आणि पातळ हात. जुना डिस्टेंपर हाताला पांढरा लागत असेल तर तो खरवडून, धुऊन, प्राइमर मारल्याशिवाय सुरुवात करू नकोस, पहिल्या पावसात पापुद्रे निघतील. मोठं क्षेत्र ब्रशने ॲक्रिलिक इमल्शनने भरून घे आणि डबे फक्त छटा आणि कडांसाठी ठेव. एका ४०० मिलीच्या डब्यात दीड-दोन चौरस मीटरच होतं, सगळी भिंत डब्यांवर करायला गेलास तर खिसा रिकामा होईल. ऊन भिंतीवर असताना काम नको. घाटाच्या पायऱ्या, वेशी, देवळाचा काळा दगड, पन्हाळ्याची तटबंदी यांच्यावर सरावाचा एक ठिपकाही नको. दगडाच्या छिद्रांत गेलेला रंग पूर्ण निघत नाही, आणि संरक्षित स्मारक खराब केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अशी कायद्यात तरतूद आहे. खासगी भिंत असेल तर मालकाची, सार्वजनिक असेल तर महापालिकेची परवानगी लेखी घे, आणि काम चालू असेपर्यंत तो कागद जवळ ठेव.